निम्मं बापाकडून

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अवरेकाई, आपले पावटे, सोलणं. थंडी पडली की बेंगळुरात या शेंगांचा वास गल्लीबोळात भरून राहतो आणि आमच्या घरात त्या दिवसांत दुसरी भाजी फारशी शिजत नाही. दाणे रात्री भिजत टाकायचे, सकाळी एकेक चिमटीत धरून दाबायचा, की साल बोटांत राहते आणि दाणा टुणकन परातीत पडतो. इंदू, माझी बायको, ते काम भिंतीवरचं कॅलेंडर वाचत वाचत करायची. माझी बोटं सुईनं जाड झालेली. माझ्या हातून दाणा फुटायचा नाहीतर उडून कपाटाखाली जायचा, आणि ती मान न वळवता म्हणायची, गेला आणखी एक. त्या दिवशी मधेच तिनं विचारलं, वही कुठवर आली. मापांच्या जुन्या वह्यांत जी पानं कोरी राहिली आहेत त्यांवर मी हे लिहितो, ते तिला ठाऊक होतं. मी सांगितलं, उमेदवारी झाली, दुकान झालं, लग्न झालं. "आणि मोहनचं?" ती म्हणाली. मी म्हणालो, ते गाळतोय. तिनं चिमटीतला दाणा परातीत टाकला. "गाळायचं नाही. लिहायचं तर सगळं लिहायचं, आपली लाज पण."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून भिंतीला टेकून बसली ती बसलीच. मी कात्री शोधत होतो. दोनदा विचारलं, कात्री कुठे ठेवलीस, उत्तर आलं नाही म्हणून चिडलो, आणि चिडल्यावर मग वळून पाहिलं. त्याला आता दोन महिने होतील. म्हणून हे पान लिहितो. नाहीतर लिहिलं नसतं.

मिसरूड फुटलं की पोरगा मोठा झाला, असं लोक धरून चालतात. मला मिसरूड उशिरा फुटलं आणि अक्कल त्याहून उशिरा. मी मोठा झालो तो बेचाळिसाव्या वर्षी, आणि ते मोठं होणं माझ्या बायकोला आणि पोराला भोगावं लागलं.

तेव्हा आम्ही पेठेत राहायचो. पुढे माझं शिलाईचं दुकान, मागे दोन खोल्या, त्यामागे नळ. घरात आम्ही दोघं, मोहन, आणि माझी थोरली बहीण, जिला सगळे अक्काच म्हणायचे. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली होती. इंदू माझ्या मामाची मुलगी, होसकोट्याची. आमच्यात मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा हक्क असतो, कुणी विचारतसुद्धा नाही. लहानपणी आम्ही एकाच ताटात जेवून भांडलेलो. लग्नापर्यंत ती मला "तू" म्हणायची, अक्षता पडल्या तशी "अहो" म्हणायला लागली. मला ते फार आवडायचं.

दुकानासमोर, गल्लीच्या पलीकडे, रुद्रप्पाची गिरणी होती. दिवसभर तिकडे पट्टा फटफटायचा आणि इकडे माझं मशीन. रागी, म्हणजे नाचणी, दळली की करडी धूळ उडून माझ्या कापडावर बसायची, काळ्या पँटचं कापड मला चादरीखाली झाकून ठेवावं लागायचं. रुद्रप्पा चांगला उंचापुरा, दारातून आत येताना वाकायचा. आवाज असा की पट्टा चालू असताना त्याला ओरडावं लागत नसे. हातावरचे दाट केस पिठानं पांढरे झालेले. आणि मी हा असा, हाडं आणि टेप. माझी दाढी एवढी विरळ की न्हावी हसायचा.

इंदू दर आठवड्याला डबा घेऊन गिरणीत जायची. दळण व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढाच तिला लागायचा, हे मला आता कळतं. तेव्हा मी मशीनवर बसून उंबऱ्यातून बघत राहायचो. रुद्रप्पा काहीतरी कानडीत बोलायचा आणि ती हसायची. माझ्या विनोदांना ती हसत नसे, कारण ते तिनं परकर घालायच्या वयापासून ऐकलेले. तिकडून हसू आलं की माझी शिलाई वाकडी जायची. बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मी माझ्या हातात होतं ते केलं. तिच्या झंपरांचे गळे मीच शिवायचो, ते दर खेपेला बोटभर वर आणत गेलो. तिनं ते तसेच घातले. एकदा नवीन झंपर घालून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आता कॉलर लावून टाका, आणि वर एक बटण." मी खाली मान घालून काज करत राहिलो.

मोहन झाला तेव्हा सगळ्यांसारखाच होता. चारेक वर्षांचा झाला आणि त्याच्या अंगाला मोठ्या माणसासारखा घामाचा वास यायला लागला. पाचव्या वर्षी तोंडावर मुरमं. सहाव्या वर्षी आवाज फुटला आणि घरात दोन बाप्ये बोलतायत असं वाटायला लागलं. शाळेत तो रांगेत शेवटी उभा, बाकीची पोरं त्याच्या खांद्याला लागायची. बसचा कंडक्टर अर्ध्या तिकिटावरून इंदूशी भांडायचा. गल्लीतली पोरं त्याला "ताता" म्हणायची, म्हणजे कानडीत आजोबा, आणि पहिल्यांदा तोही हसायचा. गिऱ्हाइकं मला म्हणायची, मास्तर, पोरगा पैलवान होणार. वर्षभर मीही छाती काढून फिरलो. भरलेली घागर तो एका हातानं उचलायचा, मी लोकांना दाखवायला उचलायला लावायचो. दवाखान्यात न्यावं असं कुणालाच वाटलं नाही. वाढतं पोर कोण दवाखान्यात नेतो?

मग एका दुपारी अक्का निवडण घेऊन दुकानात बसली होती. आतून मोहननं पाणी मागितलं, त्या आवाजात. समोरून त्याच वेळी रुद्रप्पानं हमालाला हाक मारली. अक्का सुपातले खडे वेचत म्हणाली, आपल्यात असा आवाज कुणाला होता रे? अप्पांना नाही, मामाला नाही, तुला तर नाहीच. एवढंच म्हणाली. मान वर करून समोर बघितलंसुद्धा नाही. त्याची गरज नव्हती, मी बघितलं.

त्यानंतर मला पोर दिसेनासं झालं. सात वर्षांचं लेकरू, ओठावर काळी लव, आईच्या मांडीवर डोकं ठेवून गोष्ट ऐकायचं. आवाज बाप्याचा, आणि प्रश्न लेकराचे: राक्षसाला थंडी वाजते का? राक्षसाची आई कुठे असते? इंदू त्याच्या केसांत बोटं फिरवत उत्तरं द्यायची, आणि मी दारात उभा राहून बघायचो, जसा कुणी आपल्या घरात शिरलेल्या परक्याकडे बघतो. ताटात पहिली रागीची भाकरी त्याला जायची, तूप त्याला जास्त पडायचं, त्याच्या तापाला ती रात्रभर जागायची. सगळ्या आया करतात तेच. पण मला वाटायचं की हे सगळं ती दुसऱ्या कुणासाठी करतेय, आणि माझ्यासमोर करतेय. त्याला मी नावानं हाक मारणं सोडलं. "ए" म्हणायचो. तो "अप्पा" म्हणत राहिला.

आठवं सरता सरता तो बदलला. खांदे आत ओढून चालायला लागला. उन्हाळ्यातही सदऱ्यावर स्वेटर. नळावर उघड्यानं अंघोळ करणारं पोर आता दार लावून घ्यायचं, आणि इंदू पण आत. दोघं कुजबुजायची. मी आलो की बोलणं बंद. माझ्याकडचे लठ्ठ्याच्या जाड कापडाचे तुकडे कमी व्हायला लागले. सकाळी मशीनवर बसलो की दोऱ्याचा ताण कुणीतरी बदललेला असायचा. चोवीस वर्षं ज्या मशीनवर बसलो त्याचा पेच अर्धा आटा फिरला तरी मला कळतो. मी विचारलं, मशीन कुणी चालवलं? इंदू म्हणाली, उशीचा अभ्रा फाटला होता. उशीचा अभ्रा होता तसाच होता. ते दोघं एका बाजूला आणि मी दुसऱ्या, हे माझ्या डोक्यात पक्कं झालं, आणि खोटं कशाला लिहू, त्यात मला एक प्रकारचं समाधान पण वाटलं, की माझा संशय बरोबर होता.

मोहनच्या मुंजीला त्याचं नववं वर्ष चालू होतं. आमच्या समाजात सगळ्यांना वेगवेगळी मुंज परवडत नाही म्हणून समाजाच्या कार्यालयात दहा-बारा मुंजी एकत्र लागतात. इंदू आधीपासून म्हणत होती, या वर्षी नको, त्याला बरं नाही. काय बरं नाही, ते सांगत नव्हती. मी म्हणालो, घोड्यासारखा झालाय, लोक विचारतात. सगळ्या गल्लीला बोलावणं केलं, रुद्रप्पालाही, कारण त्याला वगळलं असतं तर का वगळलं ते सांगावं लागलं असतं.

त्या दिवशी आया मुलांना घेऊन एका पंगतीत बसल्या. मुंजीआधी आई आणि मुलगा एका ताटात शेवटचं जेवतात ते जेवण. इंदू मोहनला होळिगेचा, म्हणजे पुरणपोळीचा, घास भरवत होती, तो जाड आवाजात नको नको म्हणत होता. शेजारच्या ताटावरची पोरं खुसखुसत होती, बघ, ताताला भरवतात. मी खांबाला टेकून उभा. त्या दोघांचं एक ताट बघून मी मान दुसरीकडे वळवली.

जेवणं झाली तसा न्हावी आला. पोरांनी सदरे काढले आणि ओळीनं पाटावर बसली, उघडी, काड्यांसारखी. मोहन सदऱ्यासकट बसला. न्हाव्यानं सांगितलं, भटजींनी सांगितलं, तो नुसतं सदऱ्याचं टोक धरून बसला. लोक बघायला लागले. कुणीतरी मला म्हणालं, मास्तर, तुमचं ऐकतो की नाही? मी पुढे गेलो. इंदू धावत मध्ये आली आणि हात आडवा करून माझ्यासमोर उभी राहिली. "नको. पाया पडते, नको." ती त्याला माझ्यापासून वाचवत होती, आणि तेच मला सहन झालं नाही. मी तिला बाजूला सारलं आणि सदऱ्याला हात घातला. बटणं तुटून फरशीवर उडाली. मीच लावलेली.

आत लठ्ठ्याची बंडी होती. पुढून सपाट, दुहेरी कापडाची, पाठीवर चार नाड्या आवळून बांधलेल्या. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो: माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की शिलाई चांगली आहे. दुसरा विचार यायच्या आत मी नाडी ओढली होती.

त्याची छाती वयात येणाऱ्या मुलीसारखी वाढलेली होती. बंडीचे वळ लाल उठलेले. त्यानं दोन्ही हात आडवे धरले आणि माझ्याकडे बघितलं. एवढा मोठा आवाज असलेलं पोर, पण आवाज निघाला नाही. कार्यालयात शे-दीडशे माणसं असतील. मागून एक पोरगं हसलं, मग चार. मी तिथं बटणांसारखाच पडून राहिलो म्हणायचं. हललो नाही.

हलला तो रुद्रप्पा. माणसांतून वाट काढत आला, खांद्यावरची शाल काढली, मोहनला मानेपासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलं आणि उचलून घेतलं. मोहननं त्याच्या मानेत तोंड घातलं. रुद्रप्पा जाताना माझ्याकडे वळून हळू म्हणाला, "इदु काहिले, मास्तर." म्हणजे हा आजार आहे. "स्वल्प विचार करायचा होता." आणि माझ्या मनात काय आलं असेल? पोराची लाज नाही, दया नाही. मनात आलं, बघा, घेतलं ना त्यानं आपलं उचलून.

रुद्रप्पा आजही आहे. पंच्याऐंशीच्या पुढे गेलाय, काठी टेकत चालतो. इंदूला नेताना आला आणि लहान पोरासारखा रडला. मला रडू आलं नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि एवढं सगळं होऊन, एवढी वर्षं जाऊन, माझ्या आत जुन्या जागी काहीतरी टोचलंच. ती असती तर तिला सांगितलं असतं. हसली असती.

मुंज मोडली. गल्लीला विषय मिळाला. बायका म्हणायच्या, आईनं पाच वर्षं अंगावर पाजलं त्याचं हे फळ. अक्का म्हणायची, लाडानं पोराची पोरगी केली. इंदूला स्वतःलाही तेच वाटत होतं, हे मला नंतर कळलं. पोटुशी असताना आपण काहीतरी भलतं खाल्लं असणार, म्हणून ती कुणाला न सांगता बंड्या शिवत होती, शनिवार धरत होती आणि मलाही सांगत नव्हती. मी आधीच पोराकडे वाकड्या डोळ्यानं बघतो हे तिला दिसत होतं, का ते दिसत नव्हतं. सगळे तिला बोलायचे आणि मी बोलू दिलं. तिच्यावर आलं की माझं मन जरा थंड व्हायचं.

सरकारी दवाखान्यात रुद्रप्पाचा मेहुणा कामाला होता, त्यानं चिठ्ठी काढून दिली. मला जायचं नव्हतं, इंदू एकटी निघाली म्हणून गेलो. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण त्यांचा हात हलका होता, आणि मोहनशी कसं बोलायचं ते त्यांना कळत होतं. त्यांनी त्याला आधी शाळेतल्या गणिताचं विचारलं, मग सदरा काढ म्हटलं, आणि त्यानं काढला. दंडाला पट्टा बांधून त्यांनी रक्तदाब बघितला, पुन्हा बघितला, मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. नऊ वर्षांच्या पोराला म्हाताऱ्याचा रक्तदाब. हाताच्या पंज्याचा फोटो काढला, तर हाडं सोळा-सतरा वर्षांच्या मुलासारखी. रक्त कुठे दूर पाठवलं. महिनाभर आम्ही वाट बघितली.

मग एका सकाळी आम्हाला बोलावलं. मोहनला बाहेर बाकावर बसवलं आणि आम्ही दोघं आत. बाईंनी कानडीत, सावकाश, आमच्यासारख्यांना कळेल असं सांगितलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. याच्या ग्रंथीला एक रस नीट करता येत नाही, म्हणून ती दुसरे रस भरमसाट करते. त्यात पुरुषाचा रस फार, म्हणून दाढी-मिशी, आवाज, उंची सगळं आधी. आणि तो रस फार झाला की अंग त्यातला थोडा बाईच्या रसात बदलतं, म्हणून छाती. सगळ्यांची वाढत नाही, याची वाढली. तो मुलगाच आहे, पूर्ण मुलगा. रोज गोळी घ्यायची, जन्मभर, एक दिवस चुकवायची नाही. छाती पुष्कळ उतरेल, नाही उतरली तर पुढे छोटं ऑपरेशन. उंची मात्र आता फार वाढायची नाही.

इंदूनं विचारलं, "मी काय खाल्लं होतं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "खाण्याचं नाही, दुधाचं नाही, लाडाचं नाही. हा आजार रक्तातून येतो. तुम्ही दोघं लग्नाआधी नात्यातले का?"

मी सांगितलं, माझ्या मामाची मुलगी. बाईंनी कागद उलटा केला आणि वर एक आजा काढला, खाली दोन रेघा, त्याखाली आम्ही दोघं, आमच्याखाली मोहन. म्हणाल्या, हे निम्मं निम्मं असतं. एकाकडे निम्मं असेल तर त्याला काही होत नाही, कळतही नाही. निम्मं आईकडून आणि निम्मं बापाकडून, दोन्ही आलं तरच मुलाला आजार होतो. तुमच्या घराण्यात ते आज्यापासून आलं असणार, दोन्ही बाजूंनी खाली उतरलं.

मी त्या कागदाकडे बघत राहिलो. मी विचारलं, "म्हणजे बापाकडून आल्याशिवाय होतच नाही?"

"नाही होत."

"मग बाप मीच," मी म्हणालो. आणि हसलो. छातीवरचा दगड खाली उतरावा तसा मोकळा, मोठ्यानं हसलो.

बाईंना वाटलं अडाणी माणूस आहे. त्याही हसल्या, म्हणाल्या, मग आणखी कोण? इंदू हसली नाही. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि मी तोंड मिटायच्या आत मला कळलं की तिला सगळं कळलं. गळे का वर गेले, "ए" का, मी तिचं ऐकून न घेता सदऱ्याला हात का घातला. पोराला जन्माचं दुखणं आहे हे ऐकून त्याचा बाप हसतो, त्याचं कारण तिला त्या एका शब्दात सापडलं.

बाहेर बसच्या थांब्यावर मोठं झाड होतं. तिनं मोहनला शेंगदाणे घेऊन दिले आणि पलीकडच्या कट्ट्यावर बसवलं. मग माझ्याकडे आली. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं मला "तू" म्हटलं.

"कुणाचा वाटत होता तुला?"

मी म्हणालो, कुणाचा नाही, आपलं उगीच तोंडातून गेलं.

"नाव सांग." तिचा आवाज चढला नव्हता. "तुझ्या डोक्यात मी नऊ वर्षं कुणाबरोबर नांदत होते, ते मला कळायला नको? नाव सांगितलंस तर इथे राहते. नाहीतर उद्याच्या बसनं मोहनला घेऊन होसकोट्याला जाते, आणि परत यायची नाही."

माझ्या जिभेवर नाव होतं, पण सुटेना. नाव सांगितलं तर ती खरंच जाईल असं वाटलं, आणि न सांगितलं तरी जाणार होती. बस आली. ती दोघं पुढे बायकांच्या बाजूला बसली, मी मागे. घरी येऊन तिनं रोजचा स्वयंपाक केला, रोजच्यासारखं वाढलं, ट्रंक काढून मोहनचे कपडे भरले. मोहननं विचारलं, अप्पा येणार नाहीत का? ती म्हणाली, त्यांना दुकान आहे. अक्का एरवी भिंतीशीही बोलायची, पण त्या संध्याकाळी तोंड फिरवून अंथरुणावर पडली. मी दिवा लागेपर्यंत एका पँटची खालची मोड शिवत बसलो. शिवायचो आणि उसवायचो.

दुसऱ्या दिवशी उजाडताना नळाला पाणी आलं. इंदू घागर लावून उभी होती. मी मागे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "रुद्रप्पा."

घागर भरली, वाहायला लागली. तिनं ती काढून दुसरी लावली. मला वाटलं रडेल, नाहीतर अंगावर येईल. तिनं दुसरीही भरू दिली. मग म्हणाली, "आणि नऊ वर्षं त्याच्याच गिरणीचं पीठ खाल्लंस." आत गेली, रागीचा डबा आणून माझ्या हातात दिला. "आज तू जा. मी थांबते की नाही, ते पीठ आल्यावर बघू."

मी त्या गिरणीत कधीच गेलो नव्हतो. दहा-बारा बायका डबे घेऊन रांगेत होत्या. मला बघून बाजूला झाल्या. पट्टा फटफटत होता. रुद्रप्पा पापण्यांपर्यंत पांढरा. त्यानं मला बघितलं आणि पहिलं विचारलं ते पोराचं, दवाखान्यात काय झालं. मी काहीतरी बोललो, त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं कानाला हात लावला आणि मग बटण दाबून पट्टा बंद केला. गिरणी एकदम शांत झाली. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. दुपारी अक्काजवळ येऊन बसणाऱ्या दोघी होत्या, मुंजीत असलेल्या तीन-चार होत्या.

मी कानडीत म्हणालो, आणि मला वाटलं त्याहून मोठ्यानं म्हणालो: "मोहनला आजार आहे, तो रक्तातून आलाय. निम्मा हिच्याकडून आणि निम्मा माझ्याकडून. हिनं काही खाल्लं नव्हतं. पाजल्यानं पण झालेलं नाही. मी त्याचा बाप आहे म्हणून त्याला ते झालंय."

रुद्रप्पानं किती समजून घेतलं मला माहीत नाही, ते मी त्याला आजवर विचारलेलं नाही. तो "सरी, मास्तर" म्हणाला, म्हणजे बरं, आणि सगळ्यांच्या आधी माझं दळण घ्यायला त्यानं हात पुढे केला. मी डबा दिला नाही. डबा उचलला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.